अंगावरून

मावशी आल्या नाहीत, म्हणून ते त्याला दिसलं. एरवी रोज सकाळी मावशी आल्या आणि आत बादली भरल्याचा आवाज झाला, की तो आपला चहाचा कप उचलून गॅलरीत जायचा आणि मागे दार लोटून घ्यायचा. त्याला कोणी जा म्हटलेलं नव्हतं. बायको अंथरुणाला खिळली तेव्हापासून ही वाटणी आपोआप होऊन गेली होती. अंग पुसणं, कूस बदलणं, खालचं कापड बदलणं मावशींकडे. औषधं, फळांचा रस, हॉस्पिटलचे फोन, वर्तमानपत्र वाचून दाखवणं त्याच्याकडे. गॅलरीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसायची, पाण्याचे पाइप, वाळत घातलेले कपडे, आणि एका खिडकीत रोज त्याच वेळी दाढी करणारा एक माणूस. तो माणूस तोंड पुसून खिडकी लावायचा तोवर आतलं उरकलेलं असायचं. त्या दिवशी मावशींचा फोन आला, सुनेला कळा सुरू झाल्यात, मला काही निघता येत नाही, शेजारणीला बोलवा. शेजारीण कधीच कामावर गेली होती. मावशींसारख्या बाया पाठवतात त्या संस्थेत त्याने फोन केला तर दुपारनंतर बघू म्हणाले. तो खोलीत येऊन पलंगापाशी उभा राहिला, परक्याच्या घरी कुठे बसावं ते कळत नाही तसा. ती छताकडे बघत पडली होती.

"राहते मी दुपारपर्यंत अशीच," ती म्हणाली. "त्यात काय."

"अशी कशी राहशील? मी करतो की."

"तुम्हाला नाही जमायचं."

"जमेल. तू सांग, मी करतो."

तिने त्याच्या शर्टाकडे बघितलं. मग म्हणाली, "आधी बाह्या वर करा." तिचा सूर तोच होता, मुलींच्या शाळेत उभं आयुष्य कवायत शिकवून घट्ट झालेला. पोरी तिला मागे 'शिट्टी' म्हणायच्या, तोंडावर 'बाई'. लग्नानंतर कितीतरी वर्षं ती घरी आली की आधी गळ्यातली शिट्टी दाराच्या खिळ्याला अडकवायची आणि मग पाणी प्यायची. तिच्या पोटऱ्या दगडासारख्या होत्या. जिने चढताना ती नेहमी पुढे, आणि तो पिशव्या घेऊन मागे, धापा टाकत. आता रोग पोटातून पाठीच्या कण्यात उतरला होता, पाय गेले होते, आणि राहिला होता तो हा आवाज. "खांद्याखाली हात घाला. तिथे नाही हो, खाली. गुडघा दुमडा माझा. आता ओढू नका, लोटा." त्याने लोटलं. ती इतकी हलकी झाली होती की जोर फुकट गेला आणि ती एकदम भिंतीकडे वळली. त्याने गाऊन वर घेतला, खालचं कापड सोडवलं, आणि मग त्याला तो डाग दिसला.

लघवीचा नव्हता. लघवीला नळी होती, पिशवी पलंगाच्या कडेला अडकवलेली. पोट साफ झाल्याचाही नव्हता, ते त्याला कळत होतं. काळपट पिवळा, मध्ये तपकिरी, कडेला पाणी पसरून सुकल्यासारखी एक रेघ. खूप दिवस पाणी न बदललेल्या फुलदाणीला येतो तसला वास होता, त्यात आणखी काहीतरी गोडसर. आणि ते थांबलेलं नव्हतं. तो बघत असताना तिच्या मांडीच्या आतल्या बाजूने एक बारीक ओघळ हळूच पुढे आला. तिला त्याची जाणीवच नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि तिच्या अंगातून हे येत होतं.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"काही नाही. पुसा."

"काही नाही काय? कधीपासून आहे हे?"

"अहो, पुसा म्हणते ना. कोमट पाण्याने. पुढून मागे."

त्याने पुसलं. पुढून मागे. खिडकीतून भरपूर उजेड येत होता, पडदा ओढायचं दोघांनाही सुचलं नव्हतं, आणि पुसता पुसता त्याच्या ध्यानात आलं की हे अंग त्याने कधी उजेडात पाहिलेलं नाही. इतक्या वर्षांचा संसार, एक मुलगी, एक न राहिलेलं मूल, आणि तरीही. दिवा तीच घालवायची. मग त्यालाही तेच बरं वाटू लागलं. अंधारात हातांना जे माहीत होतं त्याचा आणि या समोरच्या गोष्टीचा, सुरकुतलेल्या, केस झडलेल्या, कोंबडीच्या कातड्यासारख्या, त्याचा काही म्हणता काही संबंध लागेना. त्याला किळस आली नाही. किळस येईल असं वाटून तो तयारीत होता, पण ती आलीच नाही. तिच्या जागी आली ती एक विचित्र चोरटी भावना, की दुसऱ्याच्या घरात आपण कपाट उघडून बसलोय.

स्वच्छ कापड घालून त्याने तिला सरळ केलं. ती दमली होती. डोळे मिटून म्हणाली, "डॉक्टरांना सांगायचं नाही."

"अगं, पण..."

"नाही म्हणजे नाही. म्हणा, नाही सांगणार."

"बरं," तो म्हणाला.

दुपारी दुसरी बाई आली, आणि तो कापड धुवायला बसला. मशीनमध्ये टाकवेना. नळाखाली डाग चोळताना, का कोण जाणे, त्याला आपली मधली आत्या आठवली. तो लहान होता, माजघरात बायका बसल्या होत्या, आणि आई कोणाला तरी सांगत होती, "तिच्या अंगावरून फार जातं गं हल्ली." त्याला वाटलं, गाडी. आत्याच्या अंगावरून रोज काहीतरी जातं, चाकांचं, जड, आणि ती तरी उठून स्वयंपाक करते. तो कितीतरी दिवस आत्याकडे चोरून बघायचा, पाठीवर कुठे चाकोरी दिसते का म्हणून. आत्या पिवळी पडली होती, जिना चढताना भिंतीला धरायची, आणि त्याला ते अगदी पटायचं, एवढं अंगावरून जाऊन माणूस आणखी कसा दिसणार. एकदा त्याने तिला विचारलंही, "आत्या, दुखतं का गं जाताना?" त्यावर बायका एवढ्या हसल्या, आणि लगेच एवढ्या गप्प झाल्या, की आपण काहीतरी फार वाईट बोललो असं त्याला वाटलं. त्याला बाहेर खेळायला घालवलं आणि दार लावून घेतलं. पुढे कधीतरी त्याला त्या शब्दांचा अर्थ कळला, पण कळला तो हवेतून, कोणी सांगितला म्हणून नाही. त्या लावलेल्या दाराच्या आत मात्र त्याला कोणी कधी घेतलं नाही. ते दुसरं मूल राहिलं नाही तेव्हाही तो दुकानातून आला तो दाराबाहेर. आत तिची आई होती, शेजारीण होती. मग दार उघडलं, त्याच्या समोरून चादरीचा बोळा गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत जाऊ लागली. तो काय म्हणणार होता? त्याच्याकडे शब्दच नव्हते. आताही नव्हते. डॉक्टरांना सांगायचं म्हटलं तरी काय म्हणून सांगणार? अंगावरून जातंय. तोंडातल्या तोंडात त्याने म्हणून पाहिलं. बायकांचं वाक्य होतं ते, त्याच्या तोंडात ते भाड्याने आणल्यासारखं वाटलं.

मावशी पुढच्या दिवशी आल्या, नात झाली म्हणून खूश. त्याने त्यांना स्वयंपाकघरात गाठलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

मावशींचा चेहरा उतरला. "दादा, मी तर पहिल्या दिवशीच म्हटलं, तुमच्या कानावर घालते. तर त्या म्हणाल्या, सांगितलंस तर उद्यापासून येऊ नकोस. मी काय करणार?"

"किती दिवस झाले?"

"मागच्या बाटलीच्या आधीपासून. तेव्हा थोडं होतं, पाण्यासारखं. आता वास येतो." मावशींनी आवाज आणखी खाली नेला. "आणि अंग तापतं संध्याकाळचं. मला सांगतात, ओल्या फडक्याने कपाळ पूस, मग थर्मामीटर लाव."

'बाटली' म्हणजे केमो. हॉस्पिटलमधल्या त्या लांब दालनात खुर्च्या आणि खाटा ओळीने मांडलेल्या असायच्या, प्रत्येकाच्या डोक्याशी एक बाटली टांगलेली, आणि सगळे त्या थेंबांकडे बघत पडलेले. घरी त्याला कोणी केमो म्हणतच नसे. बाटली कधी आहे, बाटली झाली का, या बाटलीने उलट्या कमी झाल्या. पुढची बाटली जवळ आली होती.

तो दुकानात गेला. मुख्य रस्त्यावरच्या दोन दुकानांच्या मधल्या बोळात त्याचं चष्म्याचं दुकान होतं, पुढे फ्रेमची काचेची कपाटं, मागे डोळे तपासायची काळोखी खोली. तिच्या आजारपणापासून तो अर्धाच दिवस बसायचा. त्या खोलीत त्याला बरं वाटे. समोर उजळलेला अक्षरांचा तक्ता, खुर्चीत बसलेला माणूस, आणि तो एकामागून एक भिंगं घालत विचारतो, "हे स्पष्ट, की हे? पहिलं, की दुसरं?" वर्षानुवर्षं त्याने पाहिलं होतं की माणसं इथे खरं बोलत नाहीत. परीक्षेला बसल्यासारखी अंदाज बांधतात, त्याला बरं वाटावं म्हणून दुसरं म्हणतात, दोन्ही सारखी दिसत असताना. तो मग सावकाश फिरवून फिरवून तेच विचारी. त्या दिवशी खुर्चीत एक भरल्या अंगाची, चाळिशी लागलेली बाई होती. भिंग बदलत असताना अंधारातच तिने विचारलं, "बाई कशा आहेत हो आमच्या? मी त्यांच्या हाताखाली होते शाळेत."

"आहेत," तो म्हणाला. "बरं चाललंय. हे स्पष्ट, की हे?"

"हे. नाही, आधीचंच. फार कडक होत्या. पण तुम्हाला सांगते, माझ्या आईने मला जे कधी सांगितलं नाही ना, ते बाईंनी सांगितलं. मैदानावर मला पहिल्यांदा... म्हणजे कपडे खराब झाले. मी रडायला लागले. सगळ्या पोरी बघतायत. तर बाई सरळ आल्या, स्वतःची ओढणी माझ्या कमरेला बांधली, आणि सगळ्यांना तिथेच उभं करून सांगितलं, काय असतं, कशाने होतं, काय करायचं. म्हणाल्या, नाक वाहतं तेव्हा लाजता का? मग?" ती अंधारात हसली. "काय बाई होती."

त्याने भिंग घातलं ते उलटं घातलं. "आता काहीच दिसत नाही," ती म्हणाली. तो माफ करा म्हणाला, काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. त्याच्या डोक्यात काहीतरी फिरत राहिलं. भर मैदानात, उघड्यावर, परक्यांच्या पोरींना ती हे सांगत होती, शेकड्यांनी, वर्षामागून वर्षं. आणि घरी येऊन शिट्टी खिळ्याला अडकवून पाणी पीत होती. म्हणजे लाज तिला नव्हतीच. लाज होती ती त्याच्याशी, त्याच्या एकट्याशी. की ती त्याचीच लाज होती आणि ती बिचारी जपत आली होती, घरात एक नाजूक माणूस आहे म्हणून, त्याच्यासमोर बोलू नये, दार लावून घ्यावं, दिवा घालवावा? हा विचार त्याला इतका बोचला की बाई फ्रेम निवडत असताना तो काउंटरच्या मागे नुसता उभा राहिला, आणि तिने दोनदा विचारल्यावर म्हणाला, "हो हो, शोभते."

आणि म्हणूनच त्याने ठरवलं की आपण सांगायचं. ती लाजते म्हणून लपवते, आपल्याला अवघड जाईल म्हणून लपवते, तर ते अवघड आपण उचलायचं, एकदा तरी. रस्त्याने घरी येताना त्याला जवळजवळ हलकं वाटत होतं. त्याने वाक्यंही जुळवली. संध्याकाळी तिच्या कपाळावर त्याने स्वतः हात ठेवला, फडकं फिरायच्या आधी, आणि ते चटका बसावा तसं होतं.

बाटलीच्या दिवशी अँब्युलन्सच्या माणसांनी तिला चादरीसकट उचललं आणि जिन्यातून वाकडंतिकडं करत खाली नेलं. ती त्यांनाही सांगत होती, "डोक्याकडचा आधी, डोक्याकडचा." गाडीत ती प्रसन्न होती. ओठांना तिने मावशींकडून मलम लावून घेतलं होतं, गाऊनवर बरा स्वेटर चढवला होता. बाटलीच्या दिवशी ती नेहमीच अशी असायची, सामन्याला निघाल्यासारखी. दालनात तिची ठरलेली खाट होती, खिडकीजवळची. सिस्टरने तपासणीला रक्त नेलं. मग डॉक्टरीणबाई आल्या, तरुण, डोळ्यांखाली काळं, गळ्यात स्टेथोस्कोप आणि खिशातून डोकावणारं अर्धवट खाल्लेलं बिस्कीट. त्यांनी नेहमीचं विचारलं, जेवण, उलट्या, झोप. ती नेहमीसारखी चटाचट उत्तरं देत होती, हो, नाही, बरी.

"आणखी काही त्रास?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि मान वळवून त्याच्याकडे बघितलं. ती नजर पुढे कितीतरी दिवस त्याला सोडून गेली नाही. त्या घडीला मात्र त्याला त्यात लाजच दिसली, कारण तो लाजच शोधत होता.

"आहे," तो म्हणाला. "हिच्या... म्हणजे, अंगावरून जातंय. बरेच दिवस. आणि ताप येतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली घेतलं. "कसं जातंय? रक्त आहे?"

"नाही. पिवळं. तपकिरी. वास आहे त्याला."

"कुठून?"

तो त्यांच्याकडे बघत राहिला. या प्रश्नाची त्याने तयारी केली नव्हती. "म्हणजे?"

"म्हणजे लघवीच्या जागेतून, मागून, की मधून? मागून येऊन पुढे पसरतंय का? काका, तुम्ही पाहिलंय ना?"

त्याने पाहिलं होतं, भर उजेडात पाहिलं होतं, आणि त्याला सांगता येत नव्हतं. त्या दोघी त्याच्या उत्तराची वाट बघत होत्या. बायको आता त्याच्याकडे बघत नव्हती. "मधून," तो म्हणाला. अंदाजाने. शेवटी तिनेच सांगितलं, छताकडे बघत, "मधूनच आहे, मावशी म्हणतात. कधी कधी त्यात वारा सरतो." डॉक्टरीणबाईंचा चेहरा जरा बदलला. सिस्टरने पडदा ओढला, आणि तो पडद्याच्या बाहेर उभा राहिला. आतून हातमोजे चढवल्याचा आवाज आला. मग तिने एकदाच घेतलेला श्वास. शेजारच्या खाटेवर बसलेला एक म्हातारा सुई टोचलेला हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे सहानुभूतीने बघत होता. त्याने तोंड फिरवलं.

त्यांनी त्याला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं. नक्की कशाने होतंय हे कळत नाही. आतड्याला आणि मधल्या जागेला आतून वाट पडली असेल, मागे दिलेल्या रेडिएशनने तसं होतं कधी कधी. नुसते जंतूही असू शकतील. किंवा रोगच तिथवर आला असेल. बघायचं तर भूल देऊन आतून तपासावं लागेल, आणि त्यांना आत्ता भूल झेपायची नाही. आणि समजा कळलं, तरी ऑपरेशन करण्यासारखी ताकद नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी अगदी तळाला गेल्या आहेत, त्यात हा ताप. "अशात केमो दिली तर जंतू मोकाट सुटतील. आज नाही देता येणार."

"मग पुढच्या खेपेला?"

डॉक्टरीणबाईंनी खिशातलं बिस्कीट आत ढकललं. "काका, आपण आता त्यांचा त्रास कमी करण्याकडे बघू या. तुम्ही सांगितलंत ते चांगलं केलंत. नाहीतर आज आम्ही देऊन बसलो असतो."

तो आत आला तेव्हा सिस्टर तिच्या खाटेजवळचा रिकामा स्टँड उचलून दुसऱ्या पेशंटकडे नेत होती. बायकोने ते पाहिलं. परतीच्या वाटेवर ती अँब्युलन्सवाल्यांना काहीच सांगत नव्हती, आणि जिन्यात एका वळणावर तिचा पाय कठड्याला घासला तरी बोलली नाही. घरी निजवल्यावर तो स्वेटर काढायला गेला, तर तिने त्याच्या हाताला नख लावलं, जोर नसलेलं, मांजरीच्या पिलासारखं.

"बोल की काहीतरी," तो म्हणाला.

"काय बोलू? तुम्ही बोललात की सगळं."

"अगं, ताप होता तुला. विष पसरलं असतं अंगात. त्या म्हणाल्या ना. तू लाजत होतीस म्हणून मी..."

"लाजत?" तिने मान वळवली. खरोखर तिला कळलं नव्हतं, ते त्याला दिसलं. मग कळलं, आणि ती हसली, किंवा हसण्याचा आवाज तिच्या छातीतून आला. "अहो, जन्मभर मी पोरींची घाण धुतली. मला लाज? कोणाची, तुमची?" ती धापा टाकू लागली. तो पाण्याचा चमचा घेऊन पुढे झाला, तिने ओठ मिटून घेतले. थोड्या वेळाने म्हणाली, "शेजारच्या खाटेवर त्या बँकेतल्या बाई असायच्या, आठवतात? सारख्या वर्गशिस्त बिघडवणाऱ्या पोरीसारख्या बडबडायच्या. त्यांना असंच काहीतरी झालं. डॉक्टर म्हणाले, आता त्रास कमी करू. त्यानंतर दिसल्या तुम्हाला? मला दिसल्या नाहीत. त्यांच्या जागी हा म्हातारा आला."

"तसं काही नसतं गं."

"तसंच असतं. बाटलीत काही राम नाही हे मला कळत नाही का? पोट वाढतंय ते मला दिसत नाही? पण ती लावलेली असते तोवर माणूस खेळात असतो हो. बाहेर काढलं की संपलं." ती थांबली. तिचा आवाज तिच्या आवाजासारखा राहिला नव्हता. "मला जगायचं होतं. तुम्हाला साधं गप्प बसायला सांगितलं होतं."

तो खुर्चीत बसून राहिला. त्याचं बरोबर होतं. डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या होत्या, उद्या मुलगीही फोनवर तेच म्हणेल, सगळं जग त्याच्या बाजूने होतं, आणि या खोलीत त्या सगळ्याला मिळून एका बोटाएवढंही वजन नव्हतं. तिला बाटली दिली असती तर काय झालं असतं? ती त्या आठवड्यात गेली असती, कदाचित. पण खेळात गेली असती. आणि आता? आता ती अशीच पडून राहणार होती, त्याने वाचवलेले दिवस घेऊन, आणि ते दिवस तिला नको होते. इतकी वर्षं एका घरात राहून त्याने तिच्या एका नजरेचा अर्थ लावला, जन्मात पहिल्यांदा हिंमत करून लावला, आणि तो साफ चुकला. त्याला उठून गॅलरीत जावंसं वाटलं. पण गेला नाही, कारण तिथेही तो स्वतःच असणार होता.

जंतूंवरची औषधं सुरू झाली. दिवसातून तीनदा सुईतून, मग गोळ्या कुटून मधात. ताप चढ-उतार करत राहिला. मुलगी तिच्या गावाहून आली, आईच्या उशाशी बसून रडली, आणि आईने तिला नाक पुसायला सांगितलं. मुलगी बापाला म्हणाली, "बाबा, तुम्ही योग्यच केलंत, मनाला लावून घेऊ नका." त्याने मान हलवली. मुलगी मावशींबरोबर करायला गेली, तर आईने नको म्हटलं. "तुझ्या बाबांना करू दे," ती म्हणाली. शिक्षा होती की आणखी काही, हे त्याला कळलं नाही, आणि त्याने विचारलंही नाही. मावशी आता फक्त पाणी आणून द्यायच्या आणि कापडं धुवायच्या. तो बाह्या वर करायचा. गुडघा दुमडायचा, लोटायचा, पुढून मागे पुसायचा. त्याचे हात हळूहळू शहाणे झाले. पडून पडून खालच्या हाडावर चट्टा येऊ लागला तेव्हा तो आधी त्याच्याच बोटांना कळला. ते जाणं मात्र थांबलं नाही. कधी कमी, कधी जास्त, कधी नुसतं पाणी, कधी घट्ट, आणि कुठून, कशाने, ते कोणी सांगितलं नाही. हॉस्पिटलातून फोन यायचे ते दुखण्यावरचे पॅच बदलले का, एवढंच विचारायला. त्यानेही कधी विचारलं नाही. दुकान त्याने एका ओळखीच्या माणसावर सोपवलं होतं. तो माणूस फोन करून विचारी, अमुक गिऱ्हाइकाचा नंबर किती होता, तर याला आठवतच नसे.

ती बोलत होती, पण कामापुरतं. थंड आहे. घट्ट नको. बास. मग तेही कमी होत गेलं. पॅचने तिला गुंगी असायची, आणि गुंगीतून वर आली की ती काही वेळ त्याच्याकडे अशी बघायची की हा कोण, आणि मग ओळखलं की नजर पुन्हा छताला. तो वाट बघायचा. कशाची, ते त्याला माहीत नव्हतं. तिने एकदा ओरडावं, एकदा माफ केलं म्हणावं, यांपैकी काहीही होणार नाही हे दिसत होतं, तरी तो बसून राही.

एका सकाळी तो तिला भिंतीकडे वळवून पुसत होता. मुलगी बाजारात गेली होती. खिडकी उघडी होती आणि खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. त्या दिवशी फार होतं. कापड भिजून खाली गादीपर्यंत गेलं होतं, आणि रंग आता सरळ काळपटच होता, मधूनमधून त्यात काहीतरी धाग्यांसारखं.

"आज कसं आहे?" तिने विचारलं.

त्याचे हात थांबले. तिने स्वतः होऊन काही विचारल्याला किती दिवस झाले होते. "काय?"

"अहो, तेच. कमी आहे का?"

त्याने कापडाकडे बघितलं. तिचा मानेचा मागचा भाग त्याला दिसत होता, लहान पोराच्या मानेसारखा, नवे बारीक केस उगवलेला. "कमी आहे," तो म्हणाला.

"रंग?"

"फिका झालाय. जवळजवळ नाहीच म्हण ना."

"वास?"

"नाही. वास नाही आता."

खालची स्कूटर पुन्हा खोकली आणि बंद पडली. वास साऱ्या खोलीत भरून राहिला होता. त्याच्या शर्टाला होता, केसांना होता. तिलाही तो येत असणार.

"मग पुढच्या महिन्यात लावतील बाटली?"

"लावतील," तो म्हणाला. "मी बोलतो त्यांच्याशी. कमी झालंय म्हणून सांगतो."

"हं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, भिंतीकडे तोंड करूनच, "सांगा."

त्याने कापड ओढून काढलं, घडी घातली, डाग आत जाईल अशी, आणि आणखी एक घडी घातली. मग स्वच्छ कापड उचललं, आणि तिच्या कमरेखाली सारायला तो वाकला.